उंबरखोलची हाक

मी खानावळ चालवते. अकोल्यात, स्टँडच्या मागच्या गल्लीत. चार दिवस शेगडी बंद राहिली की जेवणारे दुसरीकडे वळतात, आणि एकदा वळलेला माणूस परत यायला महिना घेतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी या पौषात मी कुलूप लावलं आणि माहेरी जाऊन आले. परतल्यावर जो तो विचारायला लागला, ‘मावशी, कसली जत्रा होती हो?’ जत्रा नव्हती. काय होतं ते एकेकाच्या पानात आमटी वाढता वाढता सांगणं मला जमेना. म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

माझं माहेर उंबरखोल. खालापूर तालुका, पाताळगंगेच्या काठाजवळ. पन्नास-साठ घरं, सगळे भातशेतीवाले. माझी आई मी पाळण्यात असताना गेली, वडील मागोमाग गेले. मला वाढवलं काकीने. तिची वनिता आणि मी एका वयाच्या. एकाच ताटात जेवलो, एकाच वर्षी आमची लग्नं झाली. मी अकोल्याला आले, वनी मोहोपाड्याच्या बाजूला दिली. तिचा नवरा तिथे कारखान्यात कामाला होता. माझं सासर रात्रभराच्या गाडीचं, तिचं नदीकाठाने चालत दोन तासांचं. गावातले म्हणायचे, शोभीला लांब टाकली, वनी जवळ राहिली. नशीब काढलं वनीनं.

काकीच्या सुनेचा, रंजनाचा, फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ती म्हणाली, “ताई, गावात परत हाक घालनार हायती. आई सांगते, शोभीला म्हनावं ये. तू नाय आलीस तर मी कोनाला सांगू, असं म्हनते.” मला वाटलं, कारण मला कळलं. काकीचा आवाज बसलाय हे मी ऐकून होते. वनीच्या नावाला उत्तर द्यायला तिला कोणीतरी हवं असणार.

ही हाक काय भानगड आहे ते पुढे सांगते.

कर्जत

गाडीतल्या प्रवासाचं रडगाणं गात नाही. कर्जतला उतरले आणि जिन्यातच चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटत बाहेर आले. लहानपणी कर्जतला येणं म्हणजे वडा खायला मिळणं, म्हणून पहिल्यांदा वडा घेतला. धंद्याच्या नजरेने सांगते, आवरण जाड झालंय आणि लसूण कमी. पण चटणी अजून तीच. ती जिभेला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं असं समजून मी दुसरा वडा घेतला.

रिक्षावाल्याला म्हटलं, “उंबरखोल.”

“कुठं आलं ते, मावशी?”

“चौक गावाच्या पुढे, नदीकडे उतरायचं. फाट्यावर मोठं उंबराचं झाड आहे.”

“झाड नाय तिथं कुठलं.” त्याने जरा विचार केला आणि नदीवरून ठेवलेलं एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. “ते गेटवाले बंगले हायत, तिकडंच ना?”

बंगल्यांचं नाव त्याला तोंडपाठ आणि गावाचं माहीत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तो तरी काय करणार बिचारा. रिक्षावाल्याला जे भाडं देतात त्यांचीच नावं लक्षात राहतात.

वाटेत उजवीकडे माथेरानचा डोंगर लांबच लांब आडवा पडलेला, पुढे इर्शाळगडाचा सुळका. ते दोन्ही जागेवर होते. बाकी काही जागेवर नव्हतं. पौषात इथे कापलेल्या भाताचे सड असायचे, मध्ये मध्ये वालाचे हिरवे तुकडे, आणि शेतात कुठेतरी मडक्यात वालाच्या शेंगा शिजवतात त्या पोपटीचा धूर. आता शेतांना तारेची कुंपणं, आत पाट्या, नाहीतर गोदामांचे पत्रे. खडीचे डंपर एकामागून एक जात होते. चिंचेची झाडं, घरांची कौलं, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर करड्या पिठासारखी धूळ. फाट्यावर उतरले तेव्हा माझी मोरपंखी साडीसुद्धा त्याच रंगाची झाली होती.

उंबर खरंच नव्हता. त्याच्या जागी बंगल्यांची कमान, आणि कमानीशेजारी वॉचमनची पत्र्याची खोली.

काकीचं घर

घराच्या पायरीशी रंजना भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी होती. तुकडा ओवाळून तिने बाजूला टाकला. मी पायरी चढणार तोच आतून आवाज आला. आवाज कसला, सुपात तांदूळ घोळावेत तसली खरखर.

“शोभे, आधी पाय धू. तश्शी आत येऊ नको.”

तीसेक वर्षांत या बाईचं वाक्य बदललं नाही. मी पाय पुढे केले, रंजनाने गरम पाणी ओतलं, आणि माझ्या तुटक्या चपलेखालून धुळीचा एवढा ओघळ निघाला की मलाच लाज वाटली.

काकी आतल्या खाटेवर होती. ऐंशीला आली असेल. बाई भाताचं पोतं पाठीवर घेऊन चालायची, ती आता उशीएवढी उरली आहे. तिने माझा हात हातात घेतला, मनगट चाचपलं, आणि म्हणाली, “सुकलीस गं. दुसऱ्यांना खायाला घालते नि आपन उपाशी ऱ्हाते वाटतं.” माझं वजन सत्तरच्या पुढे आहे. तरी मला ऐकून बरं वाटलं.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील साजगावच्या यात्रेतून भरून ठेवलेले. अकोल्यात मी दिवसाला शंभर ज्वारीच्या भाकऱ्या थापते, पण तांदळाच्या पिठाची उकड काढून मळलेली ती मऊ भाकरी मला तिथे कधीच साधली नाही. तिथलं पाणी वेगळं, असं मी लोकांना सांगते. खरं तर ती करायला घेतली की इकडची माणसं आठवतात आणि हात चालत नाही.

जेवताना काकीचा मुलगा दामू आला. माझ्याहून बराच लहान, गोदामात सुपरवायझर आहे. माझ्या पाया पडला, पण माझ्याकडे धड बघेना. “उद्या मांडवात ये, ताई,” एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

हाक

आता हाक म्हणजे काय ते सांगते. आमच्या अकोल्याकडे लेकी दिवाळीला येतात, पण त्या आपापल्या घरी. अख्ख्या गावाने मिळून लेकी बोलवायची रीत मी तिकडे पाहिली नाही.

भात घरात आलं, झोडणी-मळणी उरकली की पौषातल्या पुनवेला उंबरखोलच्या सगळ्या दिलेल्या लेकी गावाला यायच्या. नेरळहून, पनवेलहून, माथेरानला ज्यांचे नवरे हॉटेलांत कामाला होते त्या वरून चालत उतरून. नवऱ्याने यायचं नाही, सासूने यायचं नाही. नुसत्या लेकी. पण थेट घरी जायचं नाही. वेशीबाहेर उंबराखाली सगळ्यांनी थांबायचं. तिथे काय दंगा असायचा! कोणी जाड झाली, कोणाच्या हातात पाटल्या आल्या, कोणाचं पोर कोणावर गेलं. सासरी ज्यांचं तोंड शिवलेलं असायचं त्यासुद्धा तिथे मोठमोठ्याने हसायच्या.

दिवेलागणीला गुरव वेशीच्या दगडाशी येऊन उभा राहायचा आणि एकेकीला बापाच्या नावाने हाक घालायचा. सासरचं नाव नाही. “महादूची शोभा, आलीस का गं?” आपण ओरडायचं, “आली रं बाबा, आली!” आणि दगड ओलांडायचा. पलीकडे घरचं माणूस गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभं असायचं. पाय धुतले की आपण पुन्हा उंबरखोलच्या. दोन दिवस कोणी काम सांगायचं नाही. शेतात मडकी लागायची, भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा शिजायच्या, आणि आम्ही फुगड्या घालून घालून आडव्या व्हायचो.

एखादी आली नाही तरी तिचं नाव गाळायचे नाहीत. घरच्यांनी उत्तर द्यायचं, “वाटंवर हाय.” बाळंतीण असो, आजारी असो, सासूने अडवलेली असो. ‘नाय’ हा शब्द वेशीवर उच्चारायचा नाही. लेक येणार नाही असं नसतंच, ती वाटेवर असते.

आणि एखादी वारली, तर घरच्यांनी शेंडीसकट नारळ आणून दगडाशी ठेवायचा. गुरव तिच्या नावाने तीन हाका घालायचा. तिसऱ्या हाकेपर्यंत घरच्यांनी म्हणायचं, “पोचली.” मेली म्हणायचं नाही. पोचली. त्यानंतर ते नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही. याला हाक मोडणं म्हणतात. तिसरी हाक मात्र रिकामी जाऊ द्यायची नाही. रिकामी गेली तर ती लेक ना आत ना बाहेर, वेशीवरच राहते, असं म्हातारी माणसं सांगायची.

लग्नानंतरच्या पहिल्या हाकेला मी आदल्या दिवशी निघून आले. उंबराखाली वनीची वाट बघत बसले. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, चार वेळा कागद सोडून बघितल्या. तिचं घर सगळ्यांत जवळ आणि तीच सगळ्यांत उशिरा, म्हणून पोरी तिची थट्टा करत होत्या. दुपारी तिच्या सासरहून निरोप आला होता की सकाळीच निघाली. हाक सुरू झाली. माझं नाव झालं, मी दगड ओलांडला. मग गुरव म्हणाला, “रामाची वनिता, आलीस का गं?” काकी हसत ओरडली, “वाटंवर हाय!”

सगळ्यांची नावं संपली, दिवे लागले, लोक पांगले. काकी तांब्या घेऊन दगडाशी उभी. मी म्हटलं, काकी, चल. ती म्हणाली, “येईल आता. पानी गार हुईल, जरा निखारे आन.” मी निखारे आणले. पाणी पुन्हा तापवलं. ते पुन्हा गार झालं.

वनी आली नाही. काठाने शोधलं, नदीत शोधलं, पोलीस आले नि गेले. वाटेत तिला कोणीच बघितलं नव्हतं. कापणीनंतर उघड्या पडलेल्या शेतांमधून दोन तासांची वाट, आणि एका माणसाने तिला बघू नये? सासरचे म्हणत राहिले, आमच्याकडून निघाली, पुढचं तुम्ही बघा. वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी केली. गावात कोणी म्हणायचं पळाली, कोणी म्हणायचं वाहून गेली. पौषातल्या गुडघाभर पाण्यात! माझं मत विचाराल तर वनी त्या घरातून निघालीच नव्हती. हे मी तेव्हाही बोलले होते, आजही बोलते.

पुढे दरवर्षी गुरव नाव घ्यायचा आणि काकी ओरडायची, “वाटंवर हाय!” आधी लोक माना खाली घालायचे. नंतर सवय झाली. मग जमिनी विकल्या गेल्या, घरं खोपोलीला आणि पनवेलला हलली, देवळाच्या जागेवरून भावकी भांडली, आणि हाक बंद पडली. कितीतरी वर्षं वनीचं नाव मोठ्याने घ्यायला कोणी उरलं नाही.

मांडव

पुनवेच्या सकाळी मैदानात मांडव पडला. कमानीवर ‘माहेरवाशीण स्नेहमेळावा’ असं लिहिलेलं. सगळा खर्च बंगलेवाल्यांचा, म्हणून त्यांची जाहिरात देवीच्या फोटोपेक्षा मोठी. बायका गाड्यांतून आल्या. दारात प्रत्येकीला एक साडी, एक फेटा आणि नाश्त्याचा डबा. डब्यात ढोकळा! उंबरखोलच्या लेकींना पौषात ढोकळा! मी तो तसाच झाकून ठेवला. निवेदक खोपोलीहून आणलेला, तो प्रत्येकीला ‘ताईसाहेब’ म्हणत होता आणि सासरच्या आडनावाने पुकारत होता. माझ्याबरोबरच्या चार-पाच जणी भेटल्या. फोटो काढले, गुडघेदुखीच्या गोष्टी झाल्या, आणि बोलता बोलता सगळ्यांच्या नजरा मोबाइलवर. संध्याकाळच्या आत परतायचं होतं प्रत्येकीला.

मी चहाचा कप ठेवायला मांडवाच्या टोकाला गेले आणि तिथे तो फ्लेक्स दिसला. काळा रंग, दोन बाजूंना समया. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली वारलेल्या लेकींचे फोटो. दुसऱ्या ओळीत वनी.

लग्नातला फोटो होता. मुंडावळ्या आणि नाकावर घामाचा ठिपका. त्याच्यावर छापील हार.

माझं डोकं तापलं. संध्याकाळी काकी इथे येणार, आणि हे बघणार? मी अंगावरची शाल काढली आणि फ्लेक्सवर टाकायला गेले. शाल पोचेना. खुर्ची ओढून चढले. तेवढ्यात मेळाव्याचा मुख्य, सरपंचाचा निलेश, धावत आला.

“मावशी, काय करता? पडाल ना!”

“हा फोटो काढ.”

“अवो, आख्खा फ्लेक्स एकच हाय. फोटो कसा काढू? नि खाली प्रायोजकांचं नाव हाय, झाकू नका.”

मी शाल दोरीवरून टाकून जोरात खेचली, फ्लेक्सची दोरी तुटली, एका कोपऱ्याला फाटला आणि अर्धा खाली लोंबायला लागला. मीही खुर्चीवरून घसरले. सगळा मांडव माझ्याकडे बघत राहिला. निवेदकाने स्पीकरवर घाईघाईने गाणं लावलं.

दामूला मी मांडवामागे गाठलं. जे तोंडाला येईल ते बोलले. आईच्या जिवावर उठलास म्हटलं, बंगलेवाल्यांच्या साडीसाठी बहिणीला मारलीस म्हटलं.

“ताई,” शेवटी तो म्हणाला, “फोटो मी नाय दिला. आईनं पेटीतून काढून दिला. मी नको म्हनत व्हतो.”

मी तशीच अनवाणी घरी आले. तुटकी चप्पल मांडवात राहिली. पायरीवर पाय धुवायचंही भान राहिलं नाही, आणि काकी काही बोललीही नाही.

“तू दिलास फोटो?”

“मी दिला.”

“का गं? इतकी वर्षं तू…”

“बस आधी.” तिने खाटेची कड दाखवली. एकेक वाक्य बोलायला तिला दम घ्यावा लागत होता. “मी किती दिस हाय आता? मी गेली, नि उद्या या पोरांनी परत हाक घातली, तर वनीच्या नावाला बोलंल कोन? दाम्या? तो ल्हान व्हता, त्याला तिचं तोंडबी आठवत नाय. हाक जाईल, नि कोनीच बोलनार नाय. मंग पोर उभी ऱ्हाईल ना वेशीभाईर.”

मी खाटेच्या कडेला टेकले.

“ती निघालीच नाय त्या घरातून, शोभे. मला त्याच सांजंला कळलं व्हतं. दुसऱ्यांदा पानी गार झालं ना, तवाच.”

“मग दरवर्षी वाटेवर आहे, वाटेवर आहे म्हणून ओरडत होतीस ती?”

“मंग काय म्हनू?” ती माझ्यावरच चिडली. “आईनं दुसरं काय म्हनायचं असतं?”

मला रडू फुटलं. काकी रडली नाही. तिने माझं रडणं होऊ दिलं आणि मग म्हणाली, “स्पीकरवाल्यांचं मला नको. त्यांनी दोन मिन्टं उभं ऱ्हाऊन मोकळं व्हायचं ठरवलंय. मला वेशीवर ने. गुरवाला सांग. हाक मोडायची हाय. म्हनून तुला बोलवली. तू तिच्या बरोबरची.”

म्हणजे मी अकोल्याहून ‘वाटंवर हाय’ म्हणायला आले होते, आणि मला बोलावलं होतं ते याच्यासाठी.

वेस

गुरव आबा देवळामागच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. काकीच्याच वयाचे. मेळाव्याचं आमंत्रण त्यांना होतं, म्हणजे फेटा बांधून पहिल्या रांगेत बसायचं. हाक घालायला कोणी सांगितलं नव्हतं.

“स्पीकरवर करनार म्हनं सगळं,” ते म्हणाले.

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ हात झटकत राहिले. “रामाची वनिता,” ते हळू म्हणाले. “तिचं नाव घेताना दरसाल माझं पोट दुखायचं गं. सोललेला नारळ नको. शेंडीसकट आन.”

दिवेलागणीला दामूने आईला पाठुंगळी घेतली. रंजनाने नारळ घेतला, मी गरम पाण्याचा तांब्या. तांब्या न्यायला काकीने सांगितलं नव्हतं. हाकेला जाताना हातात तांब्या असतो, म्हणून मी तो घेतला.

वेशीचा दगड आम्हाला पटकन सापडेना. रस्ता रुंद करताना जेसीबीने तो उचलून बाजूला टाकला होता. शेवटी वॉचमनच्या खोलीजवळ दिसला. त्याच्यावर पाण्याचा कॅन ठेवलेला. वॉचमन बाहेर आला. “माताजी, यहाँ नहीं बैठने का, गाडी निकलती है,” म्हणाला. दामू त्याच्याशी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. वॉचमनने कॅन उचलला, आतून स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून काकीला दिली, आणि आत जाऊन रेडिओ बंद केला.

काकी खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. मांडवातून गाण्याचे ठोके येत होते. मोहोपाड्याकडच्या आकाशात कारखान्यांचा लालसर उजेड पडायला लागला होता. त्याच बाजूने वनी यायची होती.

नारळ दगडाशी ठेवला. गुरव आबांनी तोंडाशी हात धरले. त्या वयात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

“रामाची वनिता! आलीस का गं?”

“वाटंवर हाय,” काकी म्हणाली.

आम्ही सगळे थबकलो. काकी स्वतःच गोंधळली. गुरव आबांनी क्षणभर थांबून तिला सावरू दिलं.

“रामाची वनिता! आलीस का गं?”

“वाटंवर हाय.” आणि तिने आपल्याच तोंडावर चापट मारली. “जीभ आयकत नाय रं माझी!”

दामू तोंड फिरवून उभा राहिला. आता एकच हाक उरली होती. ती रिकामी गेली असती, नाहीतर पुन्हा तेच उत्तर आलं असतं, तर काकीने ज्याच्यासाठी छातीवर दगड ठेवला होता ते सगळं फुकट जाणार होतं. गुरव आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“रामाची वनिता!” या वेळी त्यांचा आवाज चिरकला. “आलीस का गं?”

काकीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मी वाट बघितली. डंपर गेला, त्याची धूळ आमच्यावर बसली, तरी आवाज निघाला नाही.

“पोचली,” मी म्हटलं.

काकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. भाजी आणायला गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, “कवा?”

मी म्हटलं, “आत्ताच, काकी.”

“मंग बघत काय ऱ्हायलीस? पाय धू तिचे.”

मी तांब्या उचलला आणि दगडावर पाणी ओतलं. अर्धं माझ्याच पायांवर सांडलं. दगडावर किती वर्षांची धूळ होती देव जाणे. पाणी काळंकरडं होऊन खाली यायला लागलं, येतच राहिलं. काकी खुर्चीतून पुढे वाकून ते बघत होती.

“किती मळलेत गं पाय,” ती म्हणाली. “चालतच आली वाटतं.”